अतिदक्षता विभाग: सही, पैसे आणि बोलणं

अतिदक्षता विभागाच्या दारापाशी नातेवाइकाकडून तीन गोष्टी मागितल्या जातात: सही, पैसे आणि निर्णय. ‘घशात नळी टाकावी लागेल, इथे सही करा.’ ‘काउंटरवर आणखी डिपॉझिट भरा.’ ‘डायलिसिस करायचं का, लवकर सांगा.’ एवढं सगळं ज्याच्याकडून हवं असतं, त्याची अधिकृत ओळख मात्र ‘व्हिजिटर’. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, एका वेळी एक जण, गळ्यात पास, चपला बाहेर. यंत्रं, औषधं, तपासण्या यांत या विभागाने सत्तर वर्षांत जी मजल मारली, तिच्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण पेशंटच्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न त्याने बराच काळ आपला मानलाच नाही. जगात तो मानला जाऊ लागला त्याला साधारण पाव शतक झालं. आपल्याकडे त्याचं काय झालं, याचा हा आढावा.

या विभागाची जन्मकथा कोपनहेगनची. 1952 साली तिथे पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं, त्यातही मुलं, रोज दाखल होत होती आणि लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखली जाणारी यंत्रं अगदी तुटपुंजी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवलं की गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी. त्यासाठी माणसं लागणार होती, तीही चोवीस तास. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटेशी बसले आणि आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत राहिले. अशा रुग्णांपैकी दहातले आठ-नऊ दगावत होते, ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1953 मध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. तो पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो.

म्हणजे सुरुवात झाली ती खाटेशेजारी बसलेल्या माणसापासून. नंतर पिशवी दाबायचं काम यंत्राने घेतलं, हे चांगलंच झालं. पण शेजारची खुर्चीही गेली. जंतुसंसर्गाची भीती, जागेची टंचाई, नर्सच्या कामात होणारी लुडबुड, अशी कारणं देत नातेवाइकाला दाराबाहेर काढलं गेलं आणि तोच रिवाज होऊन बसला. आपल्या सरकारी रुग्णालयांत मात्र उलटी गंमत दिसते. व्हेंटिलेटर मोकळा नसला की ‘ही पिशवी दाबत राहा’ म्हणून अंबू बॅग नातेवाइकाच्याच हाती दिली जाते. भावाने, मुलाने, बायकोने रात्र-रात्र पिशवी दाबल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. वॉर्डात श्वास चालू ठेवण्याइतका विश्वासू असलेला हा माणूस आयसीयूत खाट मिळताच संसर्गाचा धोका ठरतो.

भारतात ही शाखा रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. फारोख उदवाडिया यांचं नाव आधी घ्यावं लागतं. धनुर्वाताच्या अत्यवस्थ रुग्णांवरचं त्यांचं काम जगभर वाचलं गेलं. 1993 मध्ये या क्षेत्रातल्या डॉक्टरांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. आयसीयूबाहेरही अत्यवस्थ रुग्ण वाचवता येतो हे कोकणात डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं. विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्ररात्र बसून, नाडी आणि रक्तदाब पाहत, त्यांनी उपचार शोधले आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये 1982 पासून छापून आले. एरवी सगळी भिस्त खाटांवर. 2020 च्या एप्रिलमध्ये, कोविड सुरू होताना केलेल्या एका अंदाजानुसार देशात आयसीयूच्या खाटा होत्या सुमारे 95 हजार आणि व्हेंटिलेटर 48 हजार. यांतला मोठा वाटा खासगी रुग्णालयांकडे आणि शहरांत. तालुक्याच्या गावी छातीत दुखू लागलेल्या माणसाचे नातेवाईक आयसीयूच्या दारापाशी पोचतात तोवर दोन-तीन ठिकाणांहून ‘पुढे न्या’ ऐकून आणि हातातले पैसे ॲम्ब्युलन्समध्ये संपवून आलेले असतात. त्यांच्याशी होणारा संवाद इथून सुरू होतो, हे आतल्या डॉक्टरने लक्षात ठेवलेलं बरं.

नातेवाइकांवर काय गुजरतं याचा पद्धतशीर अभ्यास सर्वांत चिकाटीने केला फ्रान्समध्ये, एली अझूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 2000 साली त्यांनी दाखवलं की डॉक्टरांशी बोलणं झाल्यावरही जवळजवळ निम्म्या कुटुंबांना रोग काय, उपचार काय, पुढे काय होईल, यांतलं काहीतरी मुळातच उमगलेलं नसतं. पुढे 2005 मध्ये त्यांना आढळलं की रुग्ण आयसीयूतून गेल्यावर तीन महिन्यांनी सुमारे एकतृतीयांश नातेवाइकांत मानसिक आघाताची लक्षणं आहेत, आणि निर्णयांत ज्यांचा हात होता त्यांच्यात ती जास्त आहेत. मग 2007 मध्ये त्यांनी एक साधा उपाय तपासला. 22 आयसीयूंत, ज्यांचा माणूस आता जाणार हे स्पष्ट होतं अशा 126 कुटुंबांपैकी निम्म्यांशी ठरवून, बसून बोलायचं आणि एक छोटी पुस्तिका हातात द्यायची. बैठक वीस मिनिटांऐवजी तीस मिनिटं चालली. दहाच मिनिटांचा फरक. पण नातेवाईक स्वतः बोलले तो वेळ पाच मिनिटांवरून चौदावर गेला. म्हणजे डॉक्टरांनी वाढवलेला जवळजवळ सगळा वेळ ऐकण्यात गेला. तीन महिन्यांनी या कुटुंबांत चिंता, नैराश्य आणि आघाताची लक्षणं लक्षणीय कमी होती.

हे वाचून ‘बैठका घ्या म्हणजे झालं’ असं कोणाला वाटेल, तर अमेरिकेतले पुढचे दोन अभ्यास पाहावेत. 2016 च्या अभ्यासात दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांशी उपशामक उपचारांच्या तज्ज्ञांनी माहिती देण्यासाठी बैठका घेतल्या. चिंता कमी झाली नाहीच, आघाताची लक्षणं थोडी वाढली. रोज उपचार करणारा डॉक्टर एक, आणि वाईट बातमी सांगायला आणलेला पाहुणा दुसरा, असं कुटुंबाला वाटलं असेल तर नवल नाही. निदान मी त्याचा अर्थ तसा लावतो. 2018 च्या अभ्यासात त्याच विभागातल्या नर्सना प्रशिक्षण देऊन कुटुंबाची जबाबदारी सोपवली. सहा महिन्यांनंतरचं नैराश्य त्यानेही हटलं नाही. पण बोलण्याचा दर्जा सुधारला, उपचार रुग्णाच्या मनाप्रमाणे झाले असं कुटुंबांना जास्त वाटलं. मला यातून दिसतं ते असं: कागदावरची माहिती आणि खास बोलावलेला समुपदेशक यांपेक्षा रोज दिसणारं, ओळखीचं एकच माणूस जास्त उपयोगी पडतं. दुःख कमी करणं त्याच्याही हातात नसतं, गोंधळ कमी करणं असतं.

भेटीच्या वेळेबद्दल ब्राझीलमधल्या 36 आयसीयूंचा 2019 चा अभ्यास महत्त्वाचा. एका गटात दिवसाला बारा तासांपर्यंत मुभा, दुसऱ्यात नेहमीची आखडती वेळ. रुग्णाचा भ्रम कमी होईल अशी आशा होती, तसं ठळकपणे झालं नाही. पण संसर्ग वाढला नाही, कर्मचाऱ्यांचा शीणही वाढला नाही आणि नातेवाइकांची चिंता व नैराश्य बरंच उतरलं. संसर्गाचं कारण पुढे करून दार बंद ठेवणाऱ्यांना यानंतर दुसरं कारण शोधायला हवं होतं. त्याऐवजी वर्षभरात कोविड आला आणि दार पूर्णच बंद झालं. त्या दिवसांत एखाद्या नर्सने आपल्या फोनवरून पीपीई किटमधून घडवून आणलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल, हीच बऱ्याच घरांची शेवटची भेट ठरली.

भ्रमाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरच्यांना त्याची कल्पनाच दिलेली नसते. काल नीट बोलणारे आजोबा आज सलाइन उपसतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, मुलाला ओळखत नाहीत. ‘डोक्यावर परिणाम झाला’ असं घरचे समजतात. आयसीयूत, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत, हे फार सर्रास होतं. गुंगीची औषधं, मोडलेली झोप, चोवीस तास जळणारे दिवे, यंत्रांचं किणकिण, ही त्याची कारणं. चष्मा द्या, कानाचं यंत्र लावा, भिंतीवर घड्याळ ठेवा, रात्री दिवे मंद करा, ओळखीच्या आवाजात बोला, असे उपाय तज्ज्ञांच्याच मार्गदर्शिकांत आहेत. यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे आणखी अडते. केरळहून आलेल्या कष्टाळू सिस्टरला मालवणी कळत नाही, जळगावकडच्या आजीला अहिराणीशिवाय दुसरं सुचत नाही; मग ती ‘को-ऑपरेट करत नाही’ ठरते आणि तिचे हात बांधले जातात. बाहेर बाकावर बसलेल्या सुनेला आत दहा मिनिटं बसू दिलं असतं तर कदाचित ती पट्टी सुटली असती.

आपल्याकडे बोलण्याची खरी अडचण वेगळीच आहे: बोलतो कोण? मोठे डॉक्टर राउंडला येऊन जातात. खासगी आयसीयूत रात्री हजर असतो तो निवासी डॉक्टर, पुष्कळदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला, पाळी बदलली की दुसरा. पहिला सांगतो ‘स्टेबल आहे’, दुसरा म्हणतो ‘क्रिटिकल आहे’, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण क्रिटिकल रुग्णही काल इतकाच क्रिटिकल असला तर त्याला स्टेबल म्हणतात. हे नातेवाइकाला कोण समजावणार? किडनीवाले किडनीचं सांगतात, हृदयवाले हृदयाचं. सगळे अवयव थोडे-थोडे सुधारत असताना माणूस मात्र चाललेला आहे, हे वाक्य कोणाच्याच वाट्याचं नसतं. ‘बहात्तर तास काही सांगता येत नाही’ हे वाक्य तेवढं सगळ्यांच्या वाट्याला येतं. मेलेल्या माणसाला बिलासाठी व्हेंटिलेटरवर ठेवतात, हा संशय सिनेमाने पसरवला खरा. पण तो रुजला या पोकळीत. मग काच फुटते, डॉक्टरला मारहाण होते. डॉक्टरांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने 2010 मध्ये कायदा केला, तो हवाच होता. दारापाशी रोज ठरल्या वेळी वीस मिनिटं बोलणारा माणूस नेमण्याचा नियम केला असता तर त्या कायद्याचं काम कमी झालं असतं. तसं होत नाही याचं कारण पैसे नसणं हे नाही. बिलात व्हेंटिलेटरचा दर तासाने वा दिवसाने लागतो, मॉनिटरचा लागतो, ग्लोव्हजचासुद्धा लागतो. बोलण्याचा रकाना नाही. ज्याचं बिल होत नाही ते काम कामाच्या यादीत शेवटी जातं.

पैशांचं म्हणाल तर आयसीयूचा दर सरकारने जाहीरपणे ठरवून दिल्याचा प्रसंग महाराष्ट्राच्या आठवणीत कोविडकाळातला; मे 2020 चे दर असे: साध्या खाटेला दिवसाला 4,000 रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000. काही औषधं आणि तपासण्या त्याबाहेर होत्या, त्यावरून भांडणंही झाली. तरी निदान वाद घालायला एक आकडा हातात होता. एरवी हाताशी असतात त्या योजना. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुलेंचं नाव मिळालेली जनआरोग्य योजना ठरावीक उपचारांपुरती आणि योजनेतल्या रुग्णालयांपुरती चालते; तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठावं. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या आहेत. ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेली आहे, आणि तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, असंही तीत आहे. ज्याला हे दाखल करतानाच ठाऊक असतं त्याला लाभ होतो. ज्याला आठव्या दिवशी कळतं, तो तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गावी धावतो, आणि नेमकी तेव्हाच आत सही हवी असते. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचं पद याच कामासाठी आहे. एकेका अधीक्षकावर किती वॉर्डांचा भार असतो हे पाहिलं की त्याने आयसीयूच्या दाराशी येऊन बसावं अशी अपेक्षा करायला जीभ रेटत नाही.

राहण्याची सोय तर दानावरच चालते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, अशा जागांनी बाहेरगावच्या हजारो कुटुंबांना आधार दिला, पण तो मुख्यतः लांबलेल्या आजाराच्या, कर्करोगाच्या रुग्णांना. आयसीयूतल्या रुग्णाचं माणूस दूरच्या धर्मशाळेत झोपूच शकत नाही. केव्हा हाक येईल याचा नेम नसतो. त्यामुळे ते जिन्यावर, पार्किंगमध्ये, वर्तमानपत्र पसरून पडतं.

आता सर्वांत अवघड भाग. आयसीयूतला प्रत्येक रुग्ण वाचणारा नसतो. तिथे आपली रीत काय? डॉक्टर म्हणतात, ‘आता आम्ही काही करू शकत नाही, पण थांबवूही शकत नाही, हवं तर घरी न्या.’ मग ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ अशा कागदावर मुलगा सही करतो. सल्ला डॉक्टरांचाच असतो, जबाबदारी मुलाची होते. ॲम्ब्युलन्समध्ये पिशवी दाबत रुग्णाला घरी नेतात, ओसरीवर नळी काढतात, कोणी तुळशीचं पान आणि गंगाजल तोंडात घालतं. घरी मरण यावं ही इच्छा आपल्या समाजात खोल आहे आणि तिचा मान राखला जावा. पण धाप लागलेल्या माणसाला मॉर्फिनही न देता, कोणी जाणकार सोबत नसताना नेणं, याला इच्छेचा मान म्हणवत नाही. दुसरीकडे, जे घरी नेत नाहीत त्यांचा माणूस काचेपलीकडे, छातीवर दाब दिला जात असताना जातो आणि गंगाजलाची बाटली बाहेरच्या पिशवीत राहते.

कायद्याने यावर वाट काढायला वेळ घेतला, आणि ती वाट मुंबईच्या केईएममधून जाते. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला. त्या 42 वर्षं त्याच रुग्णालयात, जवळजवळ भान हरपलेल्या अवस्थेत होत्या. 18 मे 2015 रोजी गेल्या. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल दिला. अरुणांना मरू द्यावं ही विनंती न्यायालयाने फेटाळली. कारण ज्यांनी इतकी वर्षं त्यांना भरवलं, कूस बदलली, त्या केईएमच्या नर्सना त्या जगायला हव्या होत्या, आणि न्यायालयाने त्यांनाच अरुणांची जवळची माणसं मानलं. त्याच निकालाने उपचार थांबवण्याचा मार्ग, उच्च न्यायालयाच्या परवानगीने का होईना, पहिल्यांदा उघडला. 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, पण प्रक्रिया इतकी किचकट की ती वापरात येणं अशक्यच होतं. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती सोपी झाली. इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं. वेळ आली की रुग्णालयाचं एक मंडळ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ, दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र नसेल तर कुटुंबाच्या संमतीने हीच वाट. गोव्यात 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. महाराष्ट्रात जनहित याचिकेनंतर स्थानिक संस्थांत ते जपून ठेवणारे अधिकारी नेमले गेले. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याच सुमारास आयसीयूत कोणाला घ्यावं याचे निकष काढले. रुग्णाचा किंवा नातेवाइकांचा नकार असेल तर दाखल करू नये, हे त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. आदेश आहेत, मंडळं मात्र बहुतेक रुग्णालयांत कागदावरही नाहीत. डॉक्टर अजून ‘कोर्टाची भानगड नको’ म्हणून घरी न्यायचा कागदच पुढे करतात. माझ्या मते सगळ्यांत मोठा अडथळा घरात आहे. वडिलांशी शेतीच्या वाटणीवर बोलतो तितक्या मोकळेपणाने ‘तुम्हाला व्हेंटिलेटर लावायचा का’ हे विचारलं जात नाही, आणि मग तेच आयसीयूबाहेर, वडील बेशुद्ध असताना, तीन भावांना एकमेकांना विचारावं लागतं. त्यातला जो मुंबईहून किंवा न्यू जर्सीहून उशिरा पोचतो, तो सहसा ‘सगळं करा’ म्हणतो.

जे वाचतात त्यांच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. फुप्फुसं निकामी होऊन वाचलेल्या कॅनडातल्या 109 रुग्णांचा अभ्यास 2003 मध्ये छापून आला: वर्षभरानंतर जेमतेम निम्मेच कामावर परतले होते, आणि त्यांना अडवत होती मुख्यतः झिजलेल्या स्नायूंची अशक्ती. पुढे तज्ज्ञांनी या साऱ्या अवस्थेला, विसराळूपणा, दचकून उठणं, हातापायांत त्राण नसणं यांसकट, स्वतंत्र आजाराचं नाव दिलं, आणि घरच्यांना होणाऱ्या त्रासालाही त्याच नावाखाली जागा दिली. ब्रिटनने 2009 मध्ये आयसीयूनंतरच्या पुनर्वसनाची मार्गदर्शिका काढली. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे इथे नर्स आणि नातेवाईक मिळून रुग्णाची रोजनिशी लिहितात, म्हणजे शुद्धीवर आल्यावर हरवलेल्या दिवसांचा त्याला मेळ लागतो. तिने आघाताची लक्षणं कमी होतात असं 2010 च्या एका युरोपीय अभ्यासात दिसलं. वही आणि पेन, एवढाच खर्च. आपल्याकडे हे पुनर्वसन बायको किंवा सून करते. गळ्याला भोक असलेला माणूस घरी येतो, सोबत भाड्याचं सक्शन मशीन, हवेची गादी आणि पातळ अन्न भरवायची नळी. काही रुग्णालयांत घरी सोडण्याआधी दोन-तीन दिवस घरच्या एकाला आत घेऊन कफ कसा ओढायचा, कूस दर किती वेळाने बदलायची, नळीतून काय किती घालायचं, हे सिस्टर हात धरून शिकवतात. आयसीयूत नातेवाइकाला तासन्‌तास खाटेशी बसू देतात ते बहुधा तेव्हाच.